कांताबाईंची आठ मिनिटं

लाल दिवा लागला, तेव्हा कांताबाईंच्या मंडळाचं शेवटचं कडवं अजून चालू होतं.

मंडपातून एक "अरेरे" उठलं. तीन परीक्षकांपैकी मधल्यांनी पेन उचललं, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कांताबाईंनी खंजिरी थांबवली नाही. कडवं पूर्ण केलं, शेवटची थाप दिली, आणि मग त्यांनी ना प्रेक्षकांकडे पाहिलं, ना परीक्षकांकडे. त्यांनी सरळ माझ्या डब्याकडे पाहिलं.

डबा म्हणजे मी बनवलेला टायमर. पुढे चार आकड्यांचा डिस्प्ले, वर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे, बाजूला एक घंटा. मंडळानं गायला सुरुवात केली की बटण दाबायचं. सात मिनिटं झाली की पिवळा दिवा, आठ झाली की लाल. लाल दिव्यानंतर गाणं चालू राहिलं तर पाच गुण कट. देवळीजवळच्या या गावात खंजिरी भजनाची स्पर्धा दरवर्षी होते, पण वेळ मोजायला मशीन पहिल्यांदाच आलं होतं. मी डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. काय ऐटीत लागला दिवा!

आता थोडं माझ्या कामाबद्दल, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. वर्ध्यात माझं वर्कशॉप आहे. गेली सोळा वर्षं मी ऑटो बनवते. ऑटो म्हणजे रिक्षा नव्हे. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला जोडायची ती पेटी. लाइन गेली आणि परत आली की ही पेटी मोटर आपोआप सुरू करते, म्हणजे शेतकऱ्याला त्यासाठी शेतात पळावं लागत नाही. पण ती लगेच सुरू करत नाही. लाइन आल्या आल्या शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडालाच म्हणून समजा. म्हणून पेटी चाळीसेक सेकंद थांबते. या थांबण्याला आमच्या धंद्यात डिले म्हणतात.

पेटीच्या आत एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर. हा एक छोटा, आज्ञाधारक आणि अगदी बिनडोक कॉम्प्युटर. सांगितलेली कामं एकामागून एक करत जातो. त्याला थांबवायचं कसं? सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला सांगायचं, "बाबा, इतक्या लाखांपर्यंत आकडे मोज आणि मगच पुढचं काम कर." एक आकडा मोजायला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत असतं, त्यावरून सेकंद बसवायचे. यात एकच खोट आहे. मोजत असताना तो दुसरं काही करू शकत नाही, आणि दुसरं काही करायला लागला की मोजणं थांबतं. पण मोटर चाळीस सेकंदांनी लागली काय आणि त्रेचाळीसनं लागली काय, विहिरीला काय फरक पडतो? सोळा वर्षं माझं काम या एका प्रोग्रामवर झकास चाललं होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर वानखडे गुरुजी वर्कशॉपमध्ये आले. रिटायर्ड शिक्षक, स्पर्धेच्या समितीचे सचिव, आणि माझे जुने गिऱ्हाईक.

"मॅडम, आमाले एक घड्याळ पायजे. मोटरीच्या ऑटोसारखंच, पन भजनाचं."

"गुरुजी, मोबाईल आहे की प्रत्येकाच्या खिशात."

"थेच तर ना! मागच्या साली तीन परीक्षक, तीन मोबाईल, तीन टाइम. एकाले तर मधातच जावयाचा फोन आला. मंडळ गाऊन राह्यलं अन् हे आपले हॅलो, हॅलो करून राह्यले!"

त्यांचा चहा संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं. सोळा वर्षं मोटरी सुरू करून करून मला कंटाळा आला होता हो. भजन म्हटल्यावर मी हुरळून गेले. घंटेचा आवाज निवडण्यात दोन दिवस घालवले. दिव्यांना छोट्या रंगीत छत्र्या केल्या. प्रोग्राम मात्र तोच मोटरीचा घेतला आणि चाळीसच्या जागी चारशे ऐंशी टाकले. मंडळांना अंदाज यावा म्हणून सहाव्या आणि सातव्या मिनिटाला घंटा ठेवली, प्रत्येक वेळी सहा सेकंद.

टेबलावर मोबाईल लावून तपासलं तर डबा आठ मिनिटांत बारा सेकंद मागे. मग मी काय केलं? प्रत्येक सेकंदाची मोजणी थोडी थोडी कमी केली. पुन्हा तपासलं. बरोब्बर आठ मिनिटं! मी टेबलाभोवती एक गिरकी घेतली. एखाद्या शहाण्या बाईनं विचारलं असतं, हे बारा सेकंद गेले कुठे? मी नाही विचारलं. आकडा जुळला की माणूस प्रश्न विचारणं बंद करतो.

स्पर्धेच्या सकाळी शाळेच्या मैदानावर डबा मांडला. पहिली घंटा वाजताच गुरुजी पळत आले.

"मॅडम, हे काय जी? भजनाच्या मधातच घंटा? लोकाईले वाटन शाळा सुटली! बंद करा थे."

आपोआप वाजणारी घंटा बंद करायला मी एक स्विच ठेवला होता. तो खाली केला आणि पहिल्या मंडळाला पुन्हा पहिल्यापासून गायला लावलं. हातानं वाजवायचं घंटेचं बटण तेवढं राहिलं. ते गुरुजींना फारच आवडलं. मंडपात गलका वाढला की ते दाबायचे, सहा सेकंद घंटा, लोक चिडीचूप. असा बारा मंडळांचा कार्यक्रम दुपारी साडेबारापर्यंत चालला आणि मग जेवणाची सुट्टी झाली. दुसऱ्या फेरीत जाणाऱ्या सहा मंडळांची नावं फळ्यावर लागली. कांताबाईंचं मंडळ सातवं होतं.

मी पंगतीकडे निघाले तर समोर कांताबाई. साठीच्या आसपासच्या, काटक. कापूस वेचून बोटांची टोकं खरखरीत झालेली, आणि त्या बोटांत परीक्षकांचा कागद. गुणांच्या खाली शेरा होता: 'वेळेचे भान नाही.'

"मॅडम, हे तुमच्या डब्यानं लिवलं."

"डब्यानं नाही मावशी, परीक्षकांनी लिहिलं."

"थ्यायले कोनं सांगतलं? डब्यानंच ना? नंबर नाई आला तं नाई आला, त्याचं मले काई नाई. आवाज बसला म्हना, सूर गेला म्हना, म्या आयकून घेईन. पन हे? तीस वर्सं झाले, मंडळाचा ठेका मी धरून राह्यली. आता गावात कोन्या तोंडानं खंजिरी हातात घेऊ?"

"मावशी, मशीन आहे ते. त्याला आपलं-परकं कळत नाही."

"आमचं भजन सात मिन्टं पंचावन सेकंदाचं हाय. सुनेनं मोबाईल लावून धा वेळा मोजलं. कधी छप्पन होते, कधी चौपन. आज काऊन आठाच्या वर जाईन?"

आणि मग मी ते वाक्य बोलले. आजही आठवलं की कान गरम होतात. म्हणाले, "स्टेजवर गेलं की माणूस घाबरतो मावशी. लय हळू होते. आपली आपल्यालाच कळत नाही."

कांताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धं पाऊल मागे सरकले. त्यांनी कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"चाल," म्हणाल्या. मॅडम गेली, अहो गेलं. "घे थो डबा. वर्गात चाल."

चौथीच्या वर्गात त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. दोघी जणी साथीला. मी टेबलावर डबा ठेवला, शेजारी मोबाईलचं स्टॉपवॉच. पहिली थाप पडली आणि मी दोन्ही बटणं एकदम दाबली. मंडपात दहा फुटांवरून ऐकणं वेगळं आणि बंद वर्गात ऐकणं वेगळं. अंगावर काटा आला. खिडकीच्या काचा त्या ठेक्यावर थरथरत होत्या. मी ऐकण्यात इतकी गुंगले की डब्याकडे पाहायचंच विसरले, आणि एकदम लाल दिवा लागला.

मोबाईलवर सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

कांताबाई गातच होत्या. शेवटची ओळ, शेवटची थाप. मोबाईलवर सात मिनिटं पंचावन्न. अगदी त्यांनी सांगितले तेवढेच.

डबा बारा सेकंद पुढे पळत होता. टेबलावर तर बरोबर होता! मोजणी मी स्वतः कमी केली होती, पण ती जुळवून घेण्यासाठी. मग हे बारा सेकंद...

"येक इचारू?" कांताबाई म्हणाल्या. श्वास जराही लागला नव्हता. "कारंज्याकडच्या दादारावचं मंडळ गाऊन राह्यलं, तवा गुरुजीनं चार डाव घंटा वाजवली. आमच्या वक्ती येकबी नाई. लोकं चुपचाप आयकून राह्यले होते. त्याच्यानं काई होते का?"

"घंटेचा आणि वेळेचा काय संबंध, मावशी?" असं म्हणत म्हणत मी घंटेचं बटण दाबलं आणि पहिल्यांदाच, घंटा वाजत असताना डिस्प्लेकडे पाहिलं.

आकडा थांबला होता. घंटा वाजत होती आणि आकडा जागच्या जागी उभा. सहा सेकंदांनी घंटा थांबली आणि आकडा पुढे निघाला, जसं काही झालंच नाही.

मी अक्षरशः किंचाळले. साथीच्या दोघी दचकून उभ्या राहिल्या. "मावशी! घंटा वाजवताना तो मोजतच नाही! त्याला एका वेळी एकच काम येतं!"

सगळं एका क्षणात दिसलं. टेबलावर दोन घंटा वाजल्या होत्या, सहा आणि सहा बारा. ते बारा सेकंद भरून काढायला मी प्रत्येक सेकंदाला कात्री लावली होती. इथे आपोआपची घंटा बंद केली आणि कापलेले सेकंद तेवढे उरले. ज्या मंडळाला लोकांनी शांतपणे ऐकलं, त्याला आठ मिनिटांऐवजी सात अठ्ठेचाळीस मिळाली. ज्याच्या वेळी गलका झाला, त्याला प्रत्येक घंटेमागे सहा सेकंद बक्षीस. आणि हे कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण घंटा वाजली की डिस्प्लेकडे कोण बघतं? सगळे गलका करणाऱ्यांकडे बघतात.

तेवढ्यात गुरुजी दारात आले. "मॅडम, पंगत बसली. बुंदी संपून जाईन."

मी त्यांना आत घेतलं आणि सगळं सांगितलं. स्पर्धेचं शूटिंग त्यांच्याच मोबाईलवर होतं, ते काढलं. दादारावांच्या मंडळाला लाल दिवा लागला होता आठ मिनिटं बारा सेकंदांनी. त्यांचं भजन आठ मिनिटं नऊ सेकंदांना संपलं होतं आणि त्यांचा एकही गुण कटला नव्हता. गुरुजी छोट्या बाकावर मटकन बसले.

"म्हंजे ज्याच्या वक्ती हल्लागुल्ला जास्त, त्याले टाइम जास्त?"

"हो."

"अन् ज्यायले लोकं मन लावून आयकून राह्यले, त्यायचा टाइम कापला?"

"हो, गुरुजी."

"अन् हल्लागुल्ला बंद कराले घंटा मीच दाबून राह्यलो होतो!"

मग गुरुजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं यांना काही झालं की काय. ते हसत होते. मग कांताबाई हसल्या, मग साथीच्या दोघी, आणि शेवटी मी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग गुरुजींनी चष्मा पुसला आणि मास्तरांच्या आवाजात विचारलं, "दोन वाजता दुसरी फेरी हाय. तवापर्यंत होते का नाई?"

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. लॅपटॉप आणि चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र गाडीत होतं. "होतं," मी म्हणाले आणि पळाले.

उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, हीच तर शरमेची गोष्ट. त्या चिपच्या आतच एक वेगळा मोजणारा बसवलेला असतो. त्याला हार्डवेअर टायमर म्हणतात. बोर्डावर एक क्रिस्टल असतो, तो ठरावीक गतीनं ठोके देतो, आणि हा टायमर ते मोजत राहतो. मुख्य प्रोग्राम घंटा वाजवो, दिवा लावो, काहीही करो, टायमरचं मोजणं थांबत नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा तो शेवटच्या आकड्यापर्यंत जातो आणि उलटून शून्यावर येतो. उलटला की प्रोग्रामला एक टोचणी देतो. त्या टोचणीला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून प्रोग्राम नोंद करतो आणि परत कामाला लागतो. अशा वीस टोचण्या झाल्या की एक सेकंद. मोटरीला याची गरज पडली नाही, म्हणून मी सोळा वर्षं त्या टायमरला हातच लावला नव्हता.

मी टाइप करत होते आणि कांताबाई शेजारी बसून बघत होत्या. जेवायला जा म्हटलं तर गेल्या नाहीत. "काय करून राह्यली, सांग तं," म्हणाल्या. मी सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"म्हंजे आतापर्यंत गाणाराच ठेका धरून राह्यला होता. गायाले लागला का ठेका सुटे, ठेका धरला का गाणं सुटे. आता तू ठेक्याले येगळा माणूस बसवून राह्यली."

मी टाइप करायची थांबले. डिप्लोमाला दोन सेमिस्टर घालवूनही मला हे इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

दीड वाजता प्रोग्राम भरला. चिप डब्यात बसवली. बटण दाबलं. आकडे पळायला लागले आणि मी टाळ्या पिटल्या. घंटा दाबली, आकडे चालूच! मी पुन्हा दाबली, पुन्हा चालूच! मी खुर्चीवरून उठून वर्गात एक फेरी मारली.

कांताबाई मात्र मांडीवर बोटांनी ठेका धरून डिस्प्लेकडे बघत होत्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "हे तं झोपून राह्यलं."

"काय?"

"लय ढिलं चालून राह्यलं. पाय ना."

मोबाईल लावला. डब्याचं एक मिनिट व्हायला अठ्ठ्याहत्तर सेकंद लागले. सकाळी पळणारं यंत्र आता पेंगत होतं, आणि ते त्यांना मोबाईलशिवाय, बोटांवर कळलं होतं.

या वेळी मी ठिगळ लावलं नाही. अठरा सेकंद कुठे गेले, हे विचारलं. माझा टायमर पासष्ट हजार पाचशे छत्तीस ठोक्यांनी उलटतो. मला हवे होते पन्नास हजार. त्यासाठी त्याला शून्यापासून नाही, पंधरा हजार पाचशे छत्तीसपासून सुरू करायचं असतं, म्हणजे उलटायला पन्नास हजारच उरतात. मी तसं केलंही होतं, पण फक्त पहिल्यांदा. एकदा उलटला की तो परत शून्यापासून निघतो. प्रत्येक वेळी उलटल्यावर तो आकडा पुन्हा भरावा लागतो, आणि घाईत ती एक ओळ लिहायची राहिली होती. एक ओळ!

ती लिहिली. चिप पुन्हा काढली, पुन्हा भरली. दोनला अठरा मिनिटं कमी असताना कांताबाईंनी पुन्हा खंजिरी उचलली आणि अख्खं भजन पुन्हा म्हटलं. मी मुद्दाम सात-आठ वेळा घंटा वाजवली. त्या घंटेनं वर्गाबाहेर मुलं जमली. कांताबाईंची शेवटची थाप सात पंचावन्नला पडली आणि पाच सेकंदांनी, मोबाईलवर बरोबर आठ मिनिटं होताना, लाल दिवा लागला. साथीच्या दोघींनी माझे दोन्ही हात धरून मला फुगडीसारखं फिरवलं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या.

मग अवघड काम राहिलं होतं. साउंडवाल्यानं माझ्या हातात माईक दिला.

मंडप भरलेला होता. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, परीक्षकांची नाही आणि गाणाऱ्यांची तर मुळीच नाही. सकाळच्या फेरीत डब्यानं सगळ्यांना वेगवेगळी आठ मिनिटं दिली. गुरुजींनी जाहीर केलं की वेळेसाठी कटलेले सगळ्यांचे गुण परत, आणि वेळेबद्दलचे शेरे रद्द. दादाराव उठून उभे राहिले. भारदस्त माणूस, मोठ्या मिशा.

"गुरुजी, आमचं भजन तर दिव्याच्या आतच झालं होतं. आमाले काऊन मधात घेता?"

"दादाराव, तुमचं भजन आठ मिन्टं नऊ सेकंद झालं. शूटिंग हाय माह्यापाशी. तुमचा गुण कापून नाई राह्यलो, बसा खाली."

दादाराव बसले. मागून एक शेतकरी ओरडला, "मॅडम, माह्या विहिरीवरच्या ऑटोमंदी बी असंच हाय का?"

"हो!" मी माईकवर म्हणाले. "पण तुमच्या मोटरीला भजन म्हणायचं नाहीये!"

मंडप खो खो हसला आणि माझा जीव भांड्यात पडला. परत मिळालेल्या गुणांनी कांताबाईंचं मंडळ सातव्यावरून तिसऱ्यावर आलं आणि दुसऱ्या फेरीत गेलं.

दुसऱ्या फेरीत दादारावांचं मंडळ आधी होतं. सकाळचं ऐकून ते सावध झाले होते. त्यांनी एक कडवं गाळलं आणि सात मिनिटं तीस सेकंदांत संपवलं. कांताबाईंचं मंडळ सगळ्यात शेवटी. मी डब्याजवळ बसले, एका हातात मोबाईल. आता सांगायचं म्हणजे मी पूर्ण पक्षपाती झाले होते. त्यांचं पंचावन्नला संपणारच, पाच सेकंद शिल्लक, बस्स.

पण सकाळी चुपचाप ऐकणारे लोक आता नुसतं ऐकत बसेनात. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगा उभ्या राहिल्या. सहाव्याला पुढच्या. टाळ्यांचा ठेका सुरू झाला, गुरुजींनी घंटा वाजवली, कोणी ऐकली नाही, पुन्हा वाजवली. डिस्प्लेवरचे आकडे शांतपणे पुढे जात होते. पिवळा दिवा लागला. कांताबाईंनी डोळे मिटले होते. शेवटचं कडवं आलं, शेवटची ओळ आली, मंडप सगळा त्यांच्याबरोबर गात होता, सात पंचावन्न झाली, आणि त्यांनी थाप देऊन थांबण्याऐवजी धृपदाचा आणखी एक फेरा उचलला.

"मावशी, नका," मी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले.

आठ मिनिटं. लाल दिवा. त्यांची शेवटची थाप पडली तेव्हा माझ्या मोबाईलवर आठ मिनिटं सहा सेकंद झाले होते.

टाळ्या थांबता थांबेनात. परीक्षकांनी मात्र पेनं हातात धरून गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं की मशीन पुन्हा बिघडलं असं मी म्हणावं. मलाही तसंच म्हणायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. मी मोबाईल पुढे केला. "बरोबर आहे, गुरुजी. आठ म्हणजे आठ."

तोवर कांताबाई स्टेजवरून उतरून आमच्यापाशी आल्या होत्या. घामानं कपाळ चमकत होतं. त्यांनी आधी डब्यावरचा लाल दिवा पाहिला, मग परीक्षकांकडे वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कापा जी पाच गुन. मशीनले काई म्हनू नोका. पंचावनले थांबाचं होतं, थे मले ठाऊक होतं. पब्लिक उठून राह्यलं, मले राहवलं नाई. म्या येक फेरा जास्त घेतला."

पाच गुण कटले. त्या पाच गुणांनी त्यांचा पहिला नंबर गेला आणि दुसरा आला. पहिला दादारावांचा. दादारावांनी ढाल घेतली आणि पहिल्यांदा कांताबाईंच्या हातात दिली, फोटोसाठी. फोटोत सगळ्यांत जास्त दात कांताबाईंचे दिसतात.

निघताना मी त्यांना म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे सकाळी तुमचे पाच गेले आणि दुपारी..."

"सकायी तुह्या डब्यानं माहे पाच गुन खाल्ले," त्या म्हणाल्या. "आता म्या सोता खाल्ले. लय गोड लागले."

सोमवारी वर्कशॉप उघडल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की सोळा वर्षांचा जुना प्रोग्राम काढून टाकला. आता माझ्या मोटरीसुद्धा हार्डवेअर टायमरवर थांबतात, चाळीस म्हणजे चाळीस सेकंद. विहिरीला त्याचा काही फरक पडत नाही. पण ज्याला वेळ मोजायला बसवलं आहे त्याला घंटा वाजवायला सांगू नये, एवढं मी शिकले. आणि हिशोब जुळला म्हणून उड्या मारण्याआधी, तो कशामुळे जुळला हे एखाद्या खंजिरीवालीला विचारून घ्यावं.